काकाक्षिगोलक

गेल्या हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब लेकीकडे इंग्लंडात चार महिने राहून आलो, हे ह्या सदराच्या नित्य वाचकांस ठाऊक आहे. परत आल्यापासून तिकडील थंडी, तिकडील ग्रंथालये आणि तिकडे मिळणारी भाजी ह्यांविषयी लिहावे, अशा सूचना अनेक वाचकभगिनींनी केल्या. त्यांची क्षमा मागून आज आम्ही लिहिणार आहोत ते एका जुन्या, नादुरुस्त खेळाच्या पेटीविषयी. साठी उलटलेल्या संस्कृताच्या शिक्षकाने मोटारींच्या शर्यतीवर लिहावे हे काहींस चमत्कारिक वाटेल. परंतु त्या पेटीने आमच्या घरातील एक गोष्ट उघडकीस आणली, आणि तीच गोष्ट वाचकांच्याही घरात न कळत दडलेली असू शकेल. म्हणून हा प्रपंच.

आमचे जावई विजेच्या कामातील इंजिनियर. दिवसभर कचेरीत जे करावयाचे तेच रात्री घरी हौसेने करावयाचे, असा त्यांचा स्वभाव. आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांची मोटार बाहेर पावसात भिजत उभी होती, आणि मोटारखान्यात तिच्या जागी कपाटाएवढी एक पेटी विराजमान झालेली होती. व्हिडिओ गेम पार्लरांत नाणे टाकून खेळावयाच्या ज्या पेट्या असत, त्यांपैकी ही एक. जपानातील टायटो कंपनीने १९८७ साली काढलेला 'कॉन्टिनेंटल सर्कस' हा तो खेळ. नावात सर्कस असली तरी हत्तीघोडे नाहीत. एक पिवळी गाडी, आठ शर्यती, आणि गाडी कोठे आपटली की तिच्यातून निघणारा धूर, एवढाच संसार. धूर दिसताच गाडी दुरुस्तीच्या थांब्यावर न्यावी. आळस केला तर पुढच्या धडकेस ती पेट घेते. संसाराशी साम्य आहे खरे!

ह्या पेटीचे खरे वैशिष्ट्य म्हणजे खेळणाऱ्याच्या डोक्यावर टांगलेला चष्मा. तो डोळ्यांपुढे ओढून घेतला म्हणजे सपाट पडदा सपाट राहत नाही. रस्ता खोल होऊन दूर पळत जातो आणि पुढील गाड्या आपल्यापासून निरनिराळ्या अंतरांवर धावताना दिसतात. निदान दिसावयास हव्यात. जावयांनी पेटी विकत घेतली तेव्हा खेळ सुरू होत होता, परंतु खोलपणा नाहीसा झाला होता. पडद्यावरील प्रत्येक गाडीस तिची जुळी बहीण चिकटलेली दिसे, आणि चष्म्यातून पाहिले तरी तेच. "अण्णा, एवढे एक दुरुस्त केले की झाले," असे जावई आम्हांस म्हणाले. ते 'एवढे एक' होण्यास नऊ आठवडे लागले. त्या अवधीत बॅटरी धरून उभे राहण्याचे काम आमच्याकडे होते, आणि ते आम्ही निष्ठेने केले.

पुढचे समजावे म्हणून ह्या नवलाचे कारण थोडक्यात सांगणे प्राप्त आहे. आपल्या दोन डोळ्यांत सुमारे अडीच इंचांचे अंतर असते. हाताचे बोट नाकासमोर धरून आधी एक डोळा मिटावा, मग दुसरा. मागील भिंतीवरील कॅलेंडराच्या मानाने बोट इकडून तिकडे सरकल्यासारखे दिसते. म्हणजे प्रत्येक डोळा जगाचे थोडे निराळे चित्र पाहतो. मेंदू ती दोन चित्रे एकत्र करतो आणि त्यांतील फरकावरून कोणती वस्तू जवळ व कोणती लांब हे ताडतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजातील प्राध्यापक चार्ल्स व्हीटस्टन ह्यांनी ही गोष्ट १८३८ साली रॉयल सोसायटीपुढे मांडली. त्यांनी दोन आरशांचे एक साधे यंत्र केले. एका डोळ्यास एक रेखाचित्र, दुसऱ्यास किंचित बदललेले दुसरे. पाहणाऱ्यास मात्र तिसरेच काही दिसे : कागदावर नसलेली, हवेत उभी असलेली भरीव आकृती. पुढे भिंगांची यंत्रे निघाली, आणि जोडछायाचित्रे पाहण्याचा हा छंद घरोघरी पोहोचला.

तेथे प्रत्येक डोळ्यास स्वतंत्र चित्र होते. पडदा एकच असला तर काय करावे? ह्याची युक्ती अशी की, पडद्यावर क्षणभर डाव्या डोळ्याचे चित्र दाखवावे व तेवढ्यात उजवा डोळा झाकावा. लगेच उजव्याचे चित्र दाखवावे व डावा झाकावा. आणि हे इतक्या वेगाने करावे की पाहणाऱ्यास झाकपाक कळूच नये. लॉरेन्स हॅमंड ह्या अमेरिकन गृहस्थाने १९२२ साली न्यू यॉर्कच्या एका नाट्यगृहात ह्याच रीतीने चित्रपट दाखविला. प्रत्येक खुर्चीला त्याने फिरत्या झडपेचे एक यंत्र जोडले होते. हॅमंड ऑर्गन ह्या वाद्याचा जनक तो हाच. त्यानंतर साठ वर्षांनी, १९८२ साली, जपानच्याच सेगा कंपनीने पाणबुडीच्या एका खेळात फिरत्या तबकड्यांनी हेच काम साधले. आमच्या जावयांच्या पेटीत तबकडी नाही. तिच्या चष्म्यात द्रवस्फटिकाच्या दोन काचा आहेत. वीज दिली की काच काळी होते, काढली की पुन्हा स्वच्छ. पडद्यावर सेकंदास सुमारे ६० चित्रे उमटतात. त्यांतील एक डाव्याचे, एक उजव्याचे, असे प्रत्येक डोळ्याच्या वाट्यास सुमारे ३० येतात.

हे ऐकत असता आम्ही बॅटरी खाली ठेवली आणि म्हणालो, "जावईबापू, हा तर काकाक्षिगोलकन्याय!" कावळ्यास बुबुळ एकच असून ते गरजेप्रमाणे ह्या खाचेतून त्या खाचेत जाते, अशी जुनी समजूत. कावळ्यास वस्तुतः दोन स्वतंत्र डोळे असतात. परंतु वाक्यातील एकच पद दोन बाजूंस लागू पडते तेव्हा वैयाकरण व टीकाकार त्या समजुतीचा दाखला देतात. विद्यार्थ्यांस हा न्याय आम्ही तीस वर्षे शिकविला, परंतु तो यंत्ररूपाने चालताना पाहावयास मिळेल असे कधी स्वप्नातही आले नव्हते. एकच पडदा क्षणात डाव्या डोळ्याचा, क्षणात उजव्याचा!

आता दुरुस्तीची हकिकत. पहिला दोष सापडला तो तारेत. टांगलेला चष्मा हजारो हातांनी ओढला आणि सोडला. ज्या जागी तार वाकत होती तेथे ती वरून धडधाकट दिसत असता आतून तुटली होती. तार बदलली. मग उजवी काच नीट काळी होऊ लागली, पण डावीत शाई सांडावी तसा डाग पसरलेला. ती कायमची गेली होती. तशी काच आता नवी मिळत नाही. जावयांनी जुन्या घरगुती व्हिडिओ खेळांबरोबर येणारा, तारेचा तसलाच एक चष्मा मिळवून त्यातील दोन्ही काचा काढून बसविल्या. एक निराळी आणि एक निराळी बसविली तर दोन्ही डोळ्यांस उजेड सारखा मिळत नाही, म्हणून दोन्ही बदलल्या.

तिसरा दोष सूक्ष्म होता. ह्या काचांना वीज एकाच दिशेने सतत मिळाली तर आतील द्रव हळूहळू बिघडतो. ती दिशा आलटून पालटून द्यावी लागते. वीज पुरविणाऱ्या छोट्या सर्किटातील दोन कपॅसिटर वयोमानाने सुकले होते. ते बदलले नसते तर नव्या काचांचेही जुन्यांसारखेच झाले असते. येथे आम्हांस राहवले नाही. आम्ही विचारले की एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवा सपाट टीव्ही का बसवू नये? जावई म्हणाले की जुनी पिक्चर ट्यूब चित्र येताक्षणी दाखविते. सपाट पडदा ते आधी स्वतःशी ठेवून घेतो, मग दाखवितो, आणि मागचे चित्र पुसण्यासही वेळ लावतो. तोवर चष्म्याची झडप दुसऱ्या डोळ्यावर गेलेली असते, आणि डाव्याचे चित्र उजव्यास दिसते. ज्यांस असल्या पेट्यांची आवड असेल त्यांस एक इशारा मात्र देऊन ठेवतो. पिक्चर ट्यूबमध्ये वीस हजार व्होल्टहून अधिक दाब असतो, आणि बटण बंद केल्यावरही तो काही काळ टिकून राहतो. जाणत्याखेरीज कोणी तेथे हात घालू नये. आम्हीही बॅटरी धरून सहा हात दूर उभे राहत असू.

एका शनिवारी सायंकाळी सर्व जुळले. जावयांनी चष्मा ओढून घेतला, आणि पाहून ते हसू लागले. डोंगर पुढे आले होते आणि गाडी त्यांच्या मागे गेली होती! डाव्या काचेची तार उजवीस लागली होती. उलट चित्रांची ही गंमतही व्हीटस्टननी अभ्यासून ठेविलेली आहे. दोन तारांची अदलाबदल करून डाख दिला, दिवा मालवला आणि जावयांनी पुन्हा पाहिले. ह्या वेळी ते हसले नाहीत. मुकाट्याने बाजूला झाले आणि आम्हांस पुढे केले.

वाचकहो, आम्ही आयुष्यात पुष्कळ रस्ते पाहिले. पण काचेच्या आत इतका लांब गेलेला रस्ता पाहिला नव्हता. लेकीने पाहिले, आमच्या घरातून पाहिले, जो तो "अगबाई!" म्हणे. शेवटी सात वर्षांच्या नातीस स्टुलावर उभी केली. तिने पाहिले आणि म्हणाली, "छान आहे. पण आधीसारखंच आहे."

जावई खट्टू झाले. पुन्हा चष्मा तपासला. यंत्र ठीक होते. पुन्हा पोरीस उभी केली. "गाडी पुढे दिसते का? रस्ता मागे जातो का?" "नाही, सगळं एकाच कागदावर आहे." तिसऱ्या वेळी आम्ही, शिक्षकी सवयीने, जरा चढ्या आवाजात म्हणालो, "लक्ष कोठे आहे तुझे? नीट पाहा!" पोरीचे ओठ थरथरले. ती स्टुलावरून उतरून आजीच्या पदराआड गेली.

रात्री आमच्या मनास ते वाक्य टोचू लागले. यंत्राचे सर्व दोष शोधून काढले होते. तार, काच, कपॅसिटर, अदलाबदल, सारे झाले. मग उरले काय? पाहणारा उरला. सकाळी आम्ही पोरीस जवळ घेतले, तिचा डावा डोळा तळहाताने झाकला आणि भिंतीवरील कॅलेंडरातील वार वाचावयास सांगितले. ती वाचीना. आम्हांस वाटले, कालचा रुसवा असेल. उजवा डोळा झाकला तर घडघडा वाचले. पुन्हा डावा झाकला. ती म्हणाली, "आजोबा, ह्या डोळ्याने अक्षरं नुसती मुंग्यांसारखी दिसतात. ती तशीच असतात ना?"

नेत्रतज्ज्ञांनी तपासून सांगितले ते असे. उजव्या डोळ्यास जन्मापासून बराच मोठा नंबर, डाव्यास जवळजवळ नाही. उजव्याकडून येणारे चित्र अंधुक, म्हणून मेंदूने लहानपणीच त्याच्याकडे पाहणे सोडून दिले. डोळा बाहेरून निर्दोष, तिरळाही नाही. ह्यास आळशी डोळा म्हणतात, परंतु वास्तविक आळस डोळ्याचा नव्हे. त्याचे गाऱ्हाणे ऐकणारे कोणी राहिले नाही, हा तो दोष. एक डोळा सर्व काम करी, म्हणून पोरीने कधी तक्रार केली नाही. तक्रार करणार कशी? जग असेच दिसते असे तिला वाटे. तिकडे शाळेत जाण्याच्या सुमारास, चार-पाच वर्षांच्या मुलांची दृष्टी तपासतात; पण आमची लेक पुण्याहून तिकडे गेली तेव्हा पोरगी साडेपाचची झाली होती. येथे राहून गेले आणि तेथे वय उलटून गेले.

न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात डोळे दोन की एक असा वाद आहे. डाव्या डोळ्याने पाहिलेली वस्तू उजवा ओळखतो, तेव्हा दोहोंच्या मागे पाहणारा कोणी निराळा असला पाहिजे, असे सिद्धांती म्हणतो. पूर्वपक्षी म्हणतो की डोळा एकच. मध्ये नाकाचे हाड आल्यामुळे तो दोन भासतो. त्यास उत्तर असे की एक गेला तरी दुसरा राहतो, तेव्हा ते दोनच. हा वाद आम्ही कित्येकदा शिकविला, आणि एक गेला तरी दुसरा राहतो ह्यात समाधान मानीत आलो. दुसरा राहतो म्हणूनच पहिला गेल्याचे घरात कोणास कळत नाही, हा त्याचा दुसरा अर्थ आम्हांस नातीने शिकविला.

आणि मग आणखी एक मुलगा आठवला. वीस-बावीस वर्षांमागे आमच्या वर्गात होता. हुशार, पण मैदानावर त्याच्या हातून झेल हटकून सुटे. पेल्यात पाणी ओतताना ते बाहेर सांडे. जिना उतरताना शेवटच्या पायरीवर अडखळे. आम्ही त्यास 'सहस्राक्ष' अशी पदवी दिली होती. "यावे सहस्राक्ष!" असे म्हटले की वर्ग हसे, आणि आम्हांसही आपल्या विनोदाचे कौतुक वाटे. त्या मुलाचा एक डोळा अधू होता की नव्हता, हे आम्ही सांगू शकत नाही. न विचारता हसण्याची मात्र आम्हांस वर्षभर सवड झाली. नातीस म्हटले तेच शब्द, "लक्ष कोठे आहे तुझे?", त्यासही अनेकदा म्हटलेले स्मरतात.

असो. उपचार सोपा आहे, पण चिकाटीचा. प्रथम योग्य नंबराचा चष्मा. त्याने काही आठवड्यांत जेवढी सुधारणा व्हावयाची ती होऊ द्यावयाची. मग चांगल्या डोळ्यावर, डॉक्टर सांगतील तितके तास, पट्टी. म्हणजे मेंदूस आळशी डोळ्याचे ऐकणे भाग पडते. हे जितके लहानपणी तितके बरे. सातव्या वर्षानंतर काही होत नाही असे पूर्वी मानीत. परंतु अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत सात ते बारा वर्षांच्या मुलांपैकी पट्टी, डोळ्यांत घालावयाचे थेंब व जवळचे काम असे उपचार मिळालेल्या निम्म्याहून थोड्या अधिक मुलांस गुण आला. नुसत्या चष्म्यावर तो चौथाईस आला. तेव्हा उशीर झाला म्हणून कोणी हात जोडून बसू नये.

आमची वाचकांस हात जोडून विनंती आहे. एकत्र कुटुंबात मुलांकडे पाहणारे डोळे पुष्कळ असतात, आणि त्यामुळेच प्रत्येकास वाटते की दुसऱ्याने पाहिलेच असेल. आज सायंकाळी दिवेलागणीनंतर घरातील प्रत्येक मुलाचा एकेक डोळा झाकून भिंतीवरील कॅलेंडर वाचवून घ्यावे. अक्षरओळख नसेल तर चित्रे ओळखावयास सांगावीत. बोटांच्या फटीतून पाहू देऊ नये, तळहात धरावा. एका डोळ्याने घडघडा आणि दुसऱ्याने अडखळत असे झाले तर दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. ह्या परीक्षेत उत्तीर्ण झाले तरी शाळेत घालण्यापूर्वी एकदा रीतसर तपासणी करून घ्यावीच. झेल सुटणाऱ्या, पाणी सांडणाऱ्या पोरास धांदरट म्हणण्यापूर्वी तर अवश्य.

परवा लेकीचा फोन आला. पाच महिने झाले. तक्त्यावरील दोन ओळी पोरगी उजव्या डोळ्याने अधिक वाचते. पट्टीवर ती रोज एक नवे चित्र काढते. परवा कावळा काढला होता. रविवारी पट्टी सोडल्यावर बापाबरोबर पेटीपुढे उभी राहते. अद्याप तिला रस्ता दूर पळताना दिसत नाही, आणि पुरता दिसेल की नाही ह्याची खात्री डॉक्टर देत नाहीत. पण गेल्या खेपेस तिने चष्मा बराच वेळ धरून ठेवला आणि म्हणाली, "बाबा, पिवळी गाडी कागदावरून थोडीशी सुटल्यासारखी वाटते."

जावयांनी तिला पुन्हा विचारले नाही. आम्ही तेथे असतो तर आम्हीही विचारले नसते.